कीपॅडचं कुलूप बसवताय? मग दार उघडं ठेवूनच कामाला लागा

दुकान, क्लास किंवा दोन खोल्यांचं ऑफिस असेल, तर बॅटरीवर चालणारं कीपॅडचं कुलूप बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. तरी महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतोच, "अहो, कुलूप खराब निघालं." जाऊन पाहावं तर कुलूप ठणठणीत असतं. कुठे लॅचची जीभ चौकटीला घासत असते, कुठे ॲपचं खातं बसवणाऱ्या पोराच्या फोनवर असतं. आणि आणीबाणीची किल्ली? ती कुलूपबंद ऑफिसच्या आतल्या ड्रॉवरमध्ये.

खालचा क्रम एका पॅथॉलॉजी कलेक्शन सेंटरचा आहे. सकाळी सातला उघडणारी जागा, पाच माणसं, मालक येणार दहाला. आतलं दार एका पल्ल्याचं, लाकडी फ्लश डोअर. कुलूप हँडलवालं, दाराच्या जाडीत बॉडी बसणारं, म्हणजे मॉर्टिस पद्धतीचं, ब्लूटूथवर चालणारं, सोबत वायफायचा छोटा गेटवे, म्हणजे कुलूप इंटरनेटला जोडणारी डबी. तुमची जागा वेगळी असेल, पण क्रम बदलू नका.

१. खरेदीआधी: हे कुलूप तुमच्या दाराचं आहे का?

पहिला प्रश्न शटरचा. बाहेर लोखंडी शटर असेल आणि त्याची किल्ली एकट्या मालकाकडे असेल, तर आतल्या दाराला कीपॅड लावून काय साधणार? सातला आलेली मुलगी शटरसमोरच उभी राहणार. म्हणून शटर कोण उघडणार ते आधी ठरवा, मग पैसे खर्च करा.

दार काचेचं असेल तर थांबा. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ड्रिल टेकताच अख्खी काच चुरा होऊन खाली येते. तिथे काचेला चिमट्यासारखं धरणारं वेगळं कुलूप लागतं. ॲल्युमिनियमच्या अरुंद चौकटीच्या दारालाही सडपातळ बॉडीचं वेगळं मॉडेल घ्यावं लागतं.

दार लाकडी असेल तर पाच मापं कागदावर लिहून दुकानात जा:

- पल्ल्याची जाडी. फ्लश डोअर साधारण ३० ते ३५ मिलीमीटरचं असतं आणि बऱ्याच कुलपांना ३५ किंवा ३८ च्या पुढचा पल्ला लागतो. खोक्यावर किमान जाडी छापलेली असते. ती वाचल्याशिवाय खोकं फोडू नका.
- पल्ल्याच्या कडेपासून हँडलच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. जुनं मॉर्टिस कुलूप असेल तर हँडल आणि किल्लीचं भोक यांच्या मध्यांमधलं अंतरही घ्या. ही दोन्ही मापं जुळली तर जुनीच खाच वापरता येण्याची शक्यता बरीच असते, फक्त बॉडीची उंची आणि खोलीही ताडून पाहा.
- दार आत उघडतं की बाहेर, बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे. बऱ्याच कुलपांत हँडल आणि जीभ उलटवता येते, काहींत येत नाही.
- जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर दोन्ही दारांमधलं अंतर. हे माप हमखास विसरलं जातं. कीपॅडचं हँडल जुन्या हँडलपेक्षा जास्त पुढे येतं. मग बाहेरचं दार पूर्ण लागत नाही, किंवा लागताना हँडलवर आपटतं.
- पल्ला भरीव की पोकळ. कुलपाच्या उंचीवर बोटाच्या पेराने ठोका. 'ठक' वाजलं तर ठीक, 'ढब' वाजलं तर तिथे आत लाकूड नाही. पोकळ जागेत बॉडी बसवली की स्क्रू पकड घेत नाहीत.

सावधान: उघड्यावर, थेट पावसात येणाऱ्या दाराला आतल्या वापराचं कुलूप लावू नका. किनारपट्टीवर, रत्नागिरी-मालवणकडे किंवा गोव्यात, खारी हवा स्क्रू आणि बॅटरीचे संपर्क खाते. तिथे पाण्या-धुळीपासून बचावाचा आयपी दर्जा पाहूनच घ्या.

२. आधी दार नीट करा, मग कुलूप

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच जन्माला येतात. साधं कुलूप आपण हाताने लावतो, दार घासत असलं तर खांदा लावून ढकलतो आणि किल्ली फिरवतो. कीपॅडच्या कुलपाला खांदा नसतो. आतली छोटी मोटर आणि स्प्रिंग चार सेलवर चालतात. दार दोन मिलीमीटर खाली बसलं की जीभ अडकते, मोटर कुरकुरते, सेल लवकर संपतात, आणि दोष कुलपाला.

पल्ला थोडा उघडा आणि हँडलपाशी धरून वर उचलून पाहा. हलला तर बिजागऱ्या सैल आहेत. स्क्रू काढून लांब स्क्रू घाला. भोकं मोठी झाली असतील तर त्यात गोंद लावून लाकडाची काडी ठोका, मग स्क्रू पिळा. खाली किंवा कडेला घासत असेल तर सुताराकडून रंधा मारून घ्या आणि कापलेल्या कडेला लगेच वार्निश किंवा रंग लावा. ती कड उघडी राहिली तर पहिल्याच पावसात लाकूड पाणी पिऊन फुगतं, रंधा मारल्याचा उपयोग शून्य.

एप्रिल-मेमध्ये काम करत असाल तर पल्ला आणि चौकट यांच्यात तीनेक मिलीमीटरची फट राखा. उन्हाळ्यात घट्ट, देखणं बसलेलं दार जुलैत अडकतंच.

तपासा: एका बोटाने ढकलून दार पूर्ण लागतं का? वर डोअर क्लोजर असेल तर तो शेवटच्या वितीपर्यंत दार ओढतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. खाच आणि भोकं

खोक्यात कागदी टेम्पलेट असतो. तो पल्ल्याच्या कडेवर दुमडून चिकटपट्टीने चिकटवा. उंची साधारण कमरेच्या किंचित वर, हात सहज जाईल अशी. गुण्या लावून रेषा पल्ल्याच्या दोन्ही बाजूंना उतरवा. टेम्पलेटवर आत आणि बाहेर असं लिहिलेलं असतं, ते उलटं चिकटवणारे मी पाहिले आहेत. अनुभवी सुतारही चिकटवतो, कारण त्याला ते वाचायची गरज वाटत नाही.

भोकं एका बाजूने आरपार पाडू नका. टोक पलीकडे दिसलं की थांबा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने पाडा. एकाच बाजूने रेटलं तर पलीकडचं सनमायका फुटतं. खाच आधी ओळीने छोट्या भोकांनी पोकळ करा, मग पटाशीने साफ करा. पल्ला ३५ चा आणि बॉडी अठरा-वीसची असेल तर दोन्ही बाजूंना जेमतेम सात-आठ मिलीमीटर लाकूड उरतं. इथे घाई केली की पल्ल्याला उभी चीर जाते.

बॉडी हाताने दाबून आत सरकली पाहिजे. हातोडीने ठोकावी लागत असेल तर खाच अजून साफ करा. ठोकून बसवलेली बॉडी चेपते आणि आतली जीभ घासू लागते.

४. पुढचा आणि मागचा भाग जोडणं

बाहेरच्या भागातून एक वायर आत येते. ती बॉडीच्या वरून किंवा खाचेच्या कडेने, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या वाटेनेच न्या. मागचं झाकण दाबताना ही वायर चिमटली जाते, आणि मग कुलूप कधी चालतं, कधी नाही. असला दोष शोधता शोधता दिवस जातो. चौकोनी दांडा, म्हणजे हँडल आणि बॉडी जोडणारा स्पिंडल, तुमच्या जाडीला पुरतो का ते बाहेर काढूनच मोजा.

स्क्रू हातानेच पिळा. ड्रिलच्या जोराने पिळले की पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना ओढतात, पल्ला मध्ये चेपतो आणि हँडल दाबल्यावर परत वर येत नाही. हँडल सुस्त वाटलं तर सगळे स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सेल अल्कलाइनच घाला, सगळे एकाच कंपनीचे आणि एकाच दिवशी घेतलेले. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ चा. चार सेलचे ६ ऐवजी ४.८ व्होल्ट झाले की कुलपाचा बॅटरीचा आकडा खोटं बोलतो. घड्याळात घालतो ते स्वस्त सेल तर नकोतच, त्यांना गळायची खोड असते.

५. उघड्या दाराने पंचवीस वेळा

माझं पहिलं कुलूप मी स्वतःच्या जागेत बसवलं. सगळं जोडलं, हँडल चकचकीत पुसलं आणि फोटो काढायला बाहेर आलो. वाऱ्याने दार लागलं. कोड घातला, टुणकन आवाज आला, हिरवा दिवा लागला. हँडल दाबलं तर ते लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं, जीभ जागची हलली नाही. बाहेरचा दांडा आखूड बसला होता. ड्रिल, स्क्रूड्रायव्हर, दोन्ही किल्ल्या, पाण्याची बाटली, सगळं आत. शेवटी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या सडसडीत पोऱ्याला व्हेंटिलेटरमधून उतरवलं आणि त्याने आतून हँडल दाबलं. दहा मिनिटांत अख्खी गल्ली जमली होती.

तेव्हापासून माझा नियम एकच: चाचणी पूर्ण होईपर्यंत दाराखाली वीट.

उघड्या दारात, जीभ हवेत असताना, कीपॅडवरून किमान पंचवीस वेळा उघडा-लावा. मग किल्लीने दहा वेळा. मग आतल्या हँडलने दहा वेळा. मग सेल काढून, बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी किंवा यूएसबीची वायर लावून, जी सोय तुमच्या कुलपाला असेल ती. एवढं लक्षात ठेवा, की या बाहेरच्या बॅटरीने कीपॅडला फक्त जीव येतो, कोड लागतोच.

तपासा: आतलं हँडल कोड, कार्ड, किल्ली काहीही न मागता एका दाबात उघडलं पाहिजे. बाहेर पडायचं दार आतून किल्लीविना उघडलं पाहिजे, असं २०१६ ची राष्ट्रीय बांधकाम संहिताही सांगते. कीपॅडबरोबर वरची जुनी कडी राहू द्यायची असेल तर ती बाहेरच्या बाजूची ठेवा. धूर झाल्यावर अंधारात आतली कडी चाचपत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

६. मालक कोण? हे बसवणाऱ्याच्या हातात देऊ नका

नवं कुलूप कारखान्याच्या स्थितीत असतं. बऱ्याच मॉडेलांत १२३४५६ घातलं की उघडतं. ॲपशी जो पहिल्यांदा जोडेल तो कुलपाचा मालक, म्हणजे ॲडमिन. बसवायला आलेला मुलगा सवयीने स्वतःच्या फोनवर जोडतो, चाचणी करतो आणि "नंतर तुम्हाला ट्रान्सफर करतो" म्हणून निघून जातो. सहा महिन्यांनी त्याचा नंबर बदललेला असतो. तोपर्यंत तुमच्या दाराची नोंदवही त्याच्या खिशात.

क्रम असा ठेवा:

- धंद्याच्या नावाचा वेगळा ईमेल काढा. मॅनेजरचा किंवा भाच्याचा खासगी ईमेल नको.
- ॲपमध्ये खातं तुमच्या हाताने उघडा आणि कुलूप तुमच्या फोनने जोडा.
- ॲडमिन कोड लगेच बदला.
- कारखान्याचा कोड घालून पाहा. तो आता चालता कामा नये.
- चाचणीसाठी कुणाचं बोट किंवा कार्ड नोंदवलं असेल तर पुसून टाका.
- कुलपाचं घड्याळ ॲपमधून जुळवून घ्या. वेळेचे कोड या घड्याळावर चालतात. सेल पूर्ण संपून कुलूप बंद पडलं की काही कुलपांचं घड्याळ मागे पडतं आणि सकाळचा कोड सकाळी चालेनासा होतो.

सावधान: कुलूप आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेलं दिसलं तर ते तसंच चालवून घेऊ नका. रीसेट करून शून्यापासून जोडा. भाड्याच्या जागेत आधीच्या भाडेकरूचं कुलूप मिळालं तरी हेच.

७. कोड: आधी कागद, मग ॲप

सगळ्यांना एकच कोड द्यायचा मोह होतो. देऊ नका, आणि त्याचं कारण बटणांवरच दिसतं. चार आकडी कोड रोज वीस वेळा दाबला की तीच चार बटणं तेलकट होतात. चार वेगळे आकडे कळले की त्यांच्या मांडण्या उरतात फक्त २४. सहा वेगळे आकडे असतील तर ७२०. आणि पाच माणसांचे पाच वेगळे कोड असले की सगळीच बटणं सारखी मळतात, बघणाऱ्याला काही कळत नाही.

कोड सहा आकडीच ठेवा. पाटीवरच्या फोन नंबरचे शेवटचे सहा आकडे नकोत, जागेचा पिनकोड नको, मुलीची जन्मतारीख नको. बऱ्याच कुलपांत खऱ्या कोडच्या आधी आणि नंतर वाटेल ते आकडे दाबता येतात. मागे कुणी उभं असेल तर ही सोय वापरायला माणसांना शिकवा.

आता कागदावर तक्ता करा: नाव, कशासाठी, कोणते वार, किती ते किती. त्या सेंटरमध्ये आम्ही झाडलोट करणाऱ्या मावशींना साडेसहा ते साडेसातचा कोड लावला होता. तिसऱ्याच दिवशी मावशी दारात ताटकळल्या. "अहो, पहिली बस चुकली की मी सात चाळीसला पोचते. कुलपाला काय ठाऊक?" वेळ सव्वासहा ते साडेआठ केली. वेळेची बंधनं घालताना दोन्ही बाजूंना सैल सोडा. ती चोर अडवण्यासाठी असतात, एसटीशी भांडण्यासाठी नाही.

नमुने न्यायला येणाऱ्या मुलाला रोजचा ठरावीक वेळेचा कोड, एसी दुरुस्तीवाल्याला एकदाच चालणारा, नेहमीच्या दोघींना कायमचा. बोटाचा ठसा हवा असेल तर प्रत्येकाची दोन बोटं नोंदवा, दोन वेगळ्या हातांची. धुण्या-भांड्यांनी किंवा केमिकलने झिजलेल्या बोटांना मशीन ओळखत नाही. त्यांना कोड किंवा कार्डच द्या, रोज सकाळी चारदा बोट घासायला लावू नका.

दिवसभर पेशंट येत असतील तर ठरावीक वेळेत दार मोकळं ठेवायची सोय असते. तिचं वेळापत्रक वारांवर चालतं, त्याला लक्ष्मीपूजन कळत नाही. सणाच्या सुट्टीआधी ते हाताने बंद करा.

८. वायफाय गेटवे

हे शेवटून तिसरं काम, पहिलं नव्हे. कोड कुलपात साठवलेले असतात, वीज आणि इंटरनेट गेलं तरी दार उघडतं. गेटवे लागतो तो घरी बसून कोड देण्या-काढण्यासाठी आणि कोण कधी आलं ते पाहण्यासाठी. बहुतेक गेटवे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर जोडले जातात, ५ च्या नाही. राउटरवर दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर जोडणी अडू शकते, म्हणून दोन वेगळी नावं द्या. गेटवे कुलपापासून चार-पाच मीटरवर ठेवा, मध्ये लोखंडी कपाट नको. राउटरचा पासवर्ड बदलला की गेटवेही नव्याने जोडावा लागतो. हे विसरल्यामुळे "ॲप बंद पडलं" असे फोन येतात.

९. आता दार लावा: चौकटीवरची पट्टी

जिभेच्या टोकाला खडू किंवा लिपस्टिक लावा, हँडल दाबून दार लावा, मग हँडल सोडा. चौकटीवर डाग उमटेल तीच पट्टीची, म्हणजे स्ट्राइक प्लेटची जागा. खाच जिभेपेक्षा वर-खाली थोडी मोकळी ठेवा आणि आतून पुरेशी खोल करा. डेडबोल्ट, म्हणजे लॅचशिवायचा दुसरा, भरीव बोल्ट, पूर्ण बाहेर आला पाहिजे. खाच उथळ असली की तो अर्ध्यात अडतो आणि कुलूप काहीतरी चुकल्याचा इशारा देत बीप करत राहतं.

बऱ्याच मॉडेलांत दार ओढलं की फक्त लॅच लागते. डेडबोल्टसाठी हँडल वर उचलावं लागतं. रात्री शेवटी जाणाऱ्या माणसाला हे दाखवून द्या आणि त्याच्याकडून तुमच्यासमोर एकदा करून घ्या.

तपासा: वीट काढा. एक माणूस आत, एक बाहेर, किल्ली बाहेरच्याच्या हातात. पुन्हा दहा वेळा.

१०. किल्ली आणि पहिला पाऊस

किल्ल्या दोन ठिकाणी ठेवा: एक मालकाच्या घरी, दुसरी जवळच राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे. आत एकही नको. चोरीचा विमा असेल तर एजंटला विचारून घ्या. अशा पॉलिसीत सहसा तोडफोड करून घुसल्याची खूण मागतात, आणि कोड घालून कुणी आत शिरलं तर खूण कसली मिळणार?

माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याचा कोड, कार्ड, ठसा आणि ॲपमधली परवानगी चारही काढा. गेटवे नसेल तर बऱ्याच कुलपांत हे दारापाशी उभं राहून ब्लूटूथवरच करावं लागतं. काढून झालं की तोच कोड स्वतः दाबून पाहा, लाल दिवा लागला पाहिजे.

जूनचा पहिला मोठा पाऊस पडून आठवडा झाला की दार पुन्हा एका बोटाने ढकलून पाहा. घासत असेल तर कानशीने पट्टीची खाच एखादा मिलीमीटर वाढवा, बॉडीला हात लावू नका. सेल कमी झाल्याचा पहिला बीप आला की त्याच दिवशी सगळे सेल एकदम बदला आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख पेनाने लिहून ठेवा.